रिकामी ठेवलेली ओळ
गिटहबवरच्या हल्ल्यापर्यंतचा घटनाक्रम

२८ फेब्रुवारी २०१८ च्या रात्री गिटहब हे संकेतस्थळ नऊ मिनिटे कोलमडले. जगभरचे प्रोग्रॅमर आपला कोड जिथे ठेवतात त्या ठिकाणावर दर सेकंदाला १.३५ टेराबिट, म्हणजे १ लाख ३५ हजार कोटी बिट, इतकी निरर्थक माहिती येऊन आदळली. तोवर जाहीर झालेल्या अशा हल्ल्यांत हा सर्वांत मोठा होता.

हा पूर आणायला हल्लेखोरांना कुणाचा पासवर्ड फोडावा लागला नाही की कुणाच्या यंत्रात व्हायरस घुसवावा लागला नाही. त्यांनी वापरले ते परक्या लोकांचे, व्यवस्थित चालणारे सर्व्हर. त्या सर्व्हरांवर मेमकॅश्ड नावाचा एक साधा, उपयोगी प्रोग्रॅम होता, आणि त्याची सुरुवातीची मांडणी, म्हणजे डीफॉल्ट कॉन्फिगरेशन, कुणी कधी तपासलेली नव्हती. ती रात्र नऊ मिनिटांची असली तरी तिची तयारी पंधरा वर्षे चालू होती. हा घटनाक्रम त्या तयारीचा आहे.

उणे १५ वर्षे : मे २००३

लाइव्हजर्नल या रोजनिशी लिहिण्याच्या संकेतस्थळाचा जनक ब्रॅड फिट्झपॅट्रिक एका अडचणीत होता. वाचक वाढत होते आणि प्रत्येक पान उघडताना डेटाबेसला तेच तेच प्रश्न पुन्हा विचारले जात होते. त्याने उपाय काढला तो असा : एकदा मिळालेले उत्तर सर्व्हरच्या मेमरीत ठेवायचे आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलायचे. त्यातून मेमकॅश्ड जन्माला आला. पुढे विकिपीडिया आणि फेसबुकसारख्या प्रचंड ठिकाणांनी तो स्वीकारला.

हा प्रोग्रॅम ११२११ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत बसतो. कुणी किल्ली सांगितली की त्या किल्लीखाली ठेवलेला मजकूर परत देतो. मागणारा कोण, हे तो विचारत नाही. ओळख पटवण्याची भानगड त्यात मुद्दामच ठेवलेली नव्हती, कारण गृहीत असे होते की त्याच्या आसपास फक्त आपलेच सर्व्हर असतील. वेगासाठी केलेली ही तडजोड बंद खोलीत अगदी रास्त होती. दार बंद ठेवण्याचे काम मात्र प्रोग्रॅमने दुसऱ्या कुणावर तरी सोपवले होते.

त्यात भर पडली यूडीपीची. इंटरनेटवर माहिती पाठवण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. टीसीपीमध्ये दोन्ही बाजू आधी एकमेकांची खातरजमा करतात आणि मग बोलतात. यूडीपीमध्ये विनंतीचे पॅकेट आले की उत्तर निघाले. पाठवणाऱ्याचा पत्ता खरा की खोटा हे पाहिले जात नाही. लाखो जोडण्या सांभाळायचा खर्च वाचावा म्हणून फेसबुकने मेमकॅश्डमधून माहिती वाचायला यूडीपीचा वापर केला. अशी गरज जगात मोजक्याच कंपन्यांची होती. तरीही मेमकॅश्डच्या पुढच्या आवृत्त्यांत यूडीपीचे पोर्ट सर्वांसाठीच आपोआप उघडे राहू लागले. आपण ते उघडे ठेवले आहे, हे बहुतेकांना ठाऊकही नव्हते.

मधली वर्षे : एक प्रोग्रॅम, दोन पॅकेजे

लिनक्सच्या सर्व्हरवर मेमकॅश्ड बसवणारा माणूस सहसा त्याचा मूळ कोड उतरवून घेत नाही. तो एक आज्ञा देतो आणि आपल्या डिस्ट्रिब्युशनने बांधून ठेवलेले पॅकेज यंत्रावर येते. त्या पॅकेजात प्रोग्रॅमबरोबर एक कॉन्फिग फाइलही असते. ती पॅकेज बांधणाऱ्या माणसाने लिहिलेली असते. इथे लिनक्सच्या दोन घराण्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

डेबियन आणि त्यावर आधारलेल्या उबुंटूच्या पॅकेजात मेमकॅश्डच्या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ आधीच लिहिलेली होती : फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐक. हा पत्ता म्हणजे ते यंत्र स्वतः. बाहेरच्या कुणालाही त्या दारापर्यंत पोचताच येत नाही. त्या ओळीच्या वर पॅकेज बांधणाऱ्याने टीप दिली होती. मेमकॅश्डकडे सुरक्षिततेचे जे थोडके उपाय आहेत त्यांपैकी हा एक आहे, तेव्हा तो फायरवॉलच्या आडच ऐकतो आहे याची खात्री करा, असा तिचा आशय होता.

रेड हॅट आणि सेंटओएस ७ च्या पॅकेजातली फाइल पाच ओळींची होती. पोर्ट ११२११. वापरकर्ता मेमकॅश्ड. जास्तीत जास्त जोडण्या १०२४. मेमरी ६४ मेगाबाइट. पाचवी ओळ होती ‘ऑप्शन्स’ची, आणि तिच्या अवतरणचिन्हांत काहीच नव्हते.

ती ओळ रिकामी असल्याने मेमकॅश्ड आपल्या मूळ सवयीवर जात असे, आणि त्याची मूळ सवय होती यंत्राच्या प्रत्येक पत्त्यावर ऐकण्याची. टीसीपीवरही आणि यूडीपीवरही. यंत्राला सार्वजनिक पत्ता असेल आणि पुढे फायरवॉल नसेल, तर दार थेट जगाकडे उघडे. या घराण्यात फायरवॉलची सोय होती, पण क्लाउडवर मिळणाऱ्या तयार इमेजमध्ये ती चालू असतेच असे नाही. पॅकेज बांधणारा फायरवॉलच्या भरवशावर राहिला, क्लाउडची इमेज बनवणारा ग्राहकाच्या, आणि ग्राहक पॅकेजच्या.

डेबियनची ओळही सगळीकडे टिकली नाही. संकेतस्थळ वाढले, दुसरा वेब सर्व्हर आला, त्याला पहिल्या सर्व्हरवरचा मेमकॅश्ड हवा झाला. जोडणी होईना म्हणून कुणीतरी ती १२७.०.०.१ ची ओळ निष्प्रभ केली किंवा तिथे ०.०.०.० लिहिले, म्हणजेच सगळ्या पत्त्यांवर ऐक म्हणून सांगितले. जोडणी झाली, काम मार्गी लागले. खासगी नेटवर्कचा नेमका पत्ता लिहायला आणखी दोन मिनिटे लागली असती. ज्यांनी मूळ कोडवरून मेमकॅश्ड बांधला किंवा तो कंटेनरमध्ये चालवला, त्यांच्याकडे तर पॅकेजची फाइल आलीच नव्हती. तिथे प्रोग्रॅमची मूळ सवयच लागू होती.

उणे १४ महिने : जानेवारी २०१७

इशारा शेजारच्या घरातून आला. मोंगोडीबी हा डेटाबेस कित्येक ठिकाणी पासवर्डाविना, सगळ्या पत्त्यांवर ऐकत चालू होता. जानेवारी २०१७ मध्ये खंडणीखोरांनी असे डेटाबेस शोधून रिकामे केले आणि आत बिटकॉइनच्या मागणीची चिठ्ठी ठेवली. काही दिवसांतच अशा डेटाबेसांची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली.

इथेही गोष्ट डीफॉल्टचीच होती. २०१४ च्या २.६ आवृत्तीपासून मोंगोडीबीच्या अधिकृत पॅकेजांतली कॉन्फिग फाइल फक्त स्थानिक पत्त्यावर ऐकायला सांगत होती. पण पॅकेज न वापरता प्रोग्रॅम बसवला, तर ती फाइल नाही आणि ते संरक्षणही नाही. शेवटी २०१७ च्या अखेरीस आलेल्या ३.६ आवृत्तीत हा नियम थेट प्रोग्रॅममध्ये घातला गेला. रेडिस या आणखी एका डेटाबेसने २०१६ मध्येच ३.२ आवृत्तीत ‘प्रोटेक्टेड मोड’ आणला होता : पासवर्ड नसेल आणि ऐकण्याचा पत्ता ठरवून दिलेला नसेल, तर बाहेरच्यांना उत्तर नाही. एकाच प्रकारचे तीन प्रोग्रॅम. दोघे सावध झाले होते, तिसऱ्याची पाळी यायची होती.

त्याच वर्षी चीनच्या छीहू ३६० या कंपनीच्या संशोधकांनी मेमकॅश्डच्या यूडीपी पोर्टचा उपयोग करून प्रचंड हल्ला चढवता येईल, हे दाखवून दिले. धोका आता कागदावर होता. उघड्या सर्व्हरांच्या मालकांपर्यंत तो पोचला नाही.

उणे २४ तास : मंगळवार, २७ फेब्रुवारी २०१८

त्या आठवड्यात क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या अभियंत्यांना एक नवी गोष्ट दिसू लागली होती. त्यांच्या ग्राहकांवर येणाऱ्या हल्ल्यांत ११२११ या पोर्टवरून निघालेली पॅकेटे वाढत होती. कळस गाठला तेव्हा दर सेकंदाला २६० गिगाबिट. २७ तारखेला त्यांनी हा सगळा हिशेब जाहीर केला.

असा हल्ला कसा चालतो ते समजून घेतले पाहिजे. कुणी तुमच्या नावाने आणि तुमच्या पत्त्याने हजार दुकानांना पोस्टकार्ड टाकले की तुमच्याकडचा सगळा माल पाठवा, तर दुकानदारांची काही चूक नसताना तुमच्या दारात ट्रकांची रांग लागेल. हल्लेखोर तेच करतो. विनंतीच्या पॅकेटवर ‘पाठवणारा’ म्हणून बळीचा पत्ता लिहितो आणि ती उघड्या सर्व्हरांकडे पाठवतो. ते इमानदारीने उत्तर देतात, आणि ते बळीवर जाऊन आदळते.

अशा हल्ल्याची ताकद विनंती किती लहान आणि उत्तर किती मोठे यावर ठरते. डीएनएस सर्व्हरांच्या बाबतीत ही पट २८ ते ५४ मानली जाते. घड्याळे जुळवणाऱ्या एनटीपीच्या बाबतीत सुमारे ५५७, आणि तीच भयंकर समजली जात होती. मेमकॅश्डच्या बाबतीत क्लाउडफ्लेअरला १५ बाइटच्या विनंतीला ७५० किलोबाइटचे उत्तर आलेले दिसले. पट ५१,२००.

ही पट इतकी मोठी होण्याचे कारण मेमकॅश्डच्या कामातच आहे. तो माहिती साठवतो, आणि एका किल्लीखाली साधारण १ मेगाबाइटपर्यंत मजकूर ठेवू देतो. दार उघडे असेल तर हल्लेखोर आधी स्वतःच तिथे मोठा मजकूर भरून ठेवू शकतो. मग चिमुकल्या विनंत्या करून तोच मजकूर हव्या त्या पत्त्यावर वारंवार पाठवायला लावतो.

क्लाउडफ्लेअरने या हल्ल्यांत ५,७२९ वेगवेगळ्या पत्त्यांवरचे मेमकॅश्ड सर्व्हर मोजले. इंटरनेटवरची उघडी यंत्रे शोधणाऱ्या शोडानवर त्या वेळी सुमारे ८८,००० उघडे मेमकॅश्ड सर्व्हर दिसत होते. म्हणजे हल्लेखोरांनी हाताशी असलेल्या साठ्याचा लहानसा भागच वापरला होता.

त्याच दिवशी मेमकॅश्डची १.५.६ ही आवृत्ती बाहेर पडली. तिच्यातला महत्त्वाचा बदल एका वाक्यात सांगता येतो : यूडीपी आता आपोआप चालू होणार नाही; ज्याला हवे त्याने ते स्वतः चालू करावे. दुरुस्ती अचूक होती. पण मूळ प्रकल्पाने काढलेली आवृत्ती आधी डिस्ट्रिब्युशनांच्या पॅकेजांत यावी लागते, मग सर्व्हरांवर उतरावी लागते. हातात एकच दिवस होता.

उणे १ तास : बुधवार, २८ फेब्रुवारी, रात्री ९:५१

भारतात जेवणे आटोपली होती. अमेरिकी वेळेनुसार काम करणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या टीमांचा दिवस मात्र भरात होता. सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे ८:२१ वाजले होते.

जगभरच्या होस्टिंग कंपन्यांत मेमकॅश्डचे सर्व्हर रोजचे काम करत होते. कुणाचे दुकान, कुणाचे वर्तमानपत्र, कुणाचा खेळ त्यांच्यावर चालत होता. मालकांच्या नजरेने सगळे ठीक होते : पाने झटपट उघडत होती, मेमरी पुरत होती, नोंदींत चूक दिसत नव्हती. कॉन्फिग फाइलमधली ढिलाई अशीच असते. चुकीचा पत्ता लिहिला तर जोडणी तुटते आणि माणूस धावत येतो. सगळ्यांसाठी दार उघडे ठेवले तर काहीच तुटत नाही, उलट सगळे चालते.

आणखी एक दार उघडे होते, ते इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांचे. आपल्या नेटवर्कमधून परक्या पत्त्याचे खोटे पॅकेट बाहेर जाऊ देऊ नका, ही शिफारस बीसीपी ३८ या नावाने मे २००० पासून लिहून ठेवलेली आहे. ती सगळ्यांनी पाळली असती तर दुसऱ्याचा पत्ता लिहिलेली विनंती उघड्या सर्व्हरपर्यंत पोचलीच नसती. २०१८ मध्येही ती न पाळणारी नेटवर्के शिल्लक होती.

शून्य : रात्री १०:५१

जागतिक प्रमाणवेळेनुसार संध्याकाळचे ५:२१. गिटहबच्या देखरेख यंत्रणेने इशारा दिला : आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या माहितीचे प्रमाण बिघडले आहे. गिटहबसारखे संकेतस्थळ साधारणपणे घेते त्याहून जास्त देते. आता आत येणारा ओघ एकाएकी फुगला होता.

काही क्षणांत त्यांच्या एका केंद्रावर येणारा प्रवाह सेकंदाला १०० गिगाबिटच्या वर गेला. पॅकेटे हजाराहून अधिक स्वायत्त नेटवर्कांतून, दहा हजारांच्या पटीतल्या यंत्रांकडून येत होती. पॅकेटांची संख्या कळसाला सेकंदाला १२ कोटी ६९ लाख. संकेतस्थळ उघडेना.

इथे एक हिशेब मांडावासा वाटतो. १.३५ टेराबिटला ५१,००० ने भागले तर उत्तर येते साधारण २६ मेगाबिट. पूर्ण पट प्रत्येक सर्व्हरवर लागू पडली असे धरले, तर एका घरगुती इंटरनेट जोडणीएवढ्या वेगाच्या विनंत्या हा पूर आणायला पुरल्या असत्या. प्रत्यक्षात पट सगळीकडे सारखी नसते. तरीही हल्लेखोराचा खर्च आणि बळीचे नुकसान यांतली दरी यावरून कळते. ती दरी उघड्या सर्व्हरांनी भरून दिली होती.

अधिक ५ मिनिटे : रात्री १०:५६

गिटहबने वर्षभरात आपली वाहतुकीची क्षमता दुपटीहून अधिक वाढवली होती. या पुरापुढे ती अपुरी होती. निर्णय झाला की येणारी सगळी वाहतूक अकामाई या कंपनीकडे वळवायची, कारण तिच्याकडे असे हल्ले गाळून घेण्याची मोठी यंत्रणा होती.

१०:५६ ला आज्ञा गेली. इतर वाहतूकदारांकडे जाहीर केलेले आपले मार्ग गिटहबने मागे घेतले आणि यापुढे आमच्याकडे येण्याचा रस्ता अकामाईमधून, असे इंटरनेटला सांगितले. हे सगळे पाच मिनिटांत झाले, कारण तयारी आधी करून ठेवलेली होती. करार होता, जोडण्या होत्या, आज्ञा लिहून ठेवलेली होती.

अधिक ९ मिनिटे : रात्री ११:००

नवे मार्ग जगभर पसरायला काही मिनिटे लागली. तोवर संकेतस्थळ मधूनच उघडत होते, मधूनच नाही. अकामाईच्या सीमेवर ११२११ पोर्टवरून येणारी पॅकेटे गाळली जाऊ लागली. ११ वाजता सर्व्हरांची उत्तरे पूर्ववत झाल्याची खात्री पटली. ११:०४ ला गिटहबने आणखी काही जोडण्यांवरचे मार्ग मागे घेतले आणि ४० गिगाबिटचा भार आपल्या अंगावरून काढला.

अधिक ४० मिनिटे : रात्री साडेअकरानंतर

दुसरी लाट आली, ४०० गिगाबिटची. या वेळी बांध तयार होता आणि ती विरली. दुसऱ्या दिवशी, १ मार्चला, गिटहबने मिनिटामिनिटाचा अहवाल प्रसिद्ध केला. कुणाच्याही माहितीची गोपनीयता किंवा अखंडता धोक्यात आली नव्हती, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. घडलेले न लपवता इतक्या लवकर मांडणे ही गिटहबची जमेची बाजू आहे. आज आपण हा घटनाक्रम लिहू शकतो तो त्यामुळेच.

अधिक ५ दिवस : सोमवार, ५ मार्च २०१८

विक्रम पाच दिवसांत मोडला. अमेरिकेतल्या एका सेवा पुरवठादाराच्या ग्राहकावर सेकंदाला १.७ टेराबिटचा हल्ला झाल्याची नोंद आर्बर नेटवर्क्स या कंपनीने जाहीर केली. हत्यार तेच, मेमकॅश्ड. मधल्या काळात अकामाईला अशा हल्ल्यांच्या पॅकेटांत खंडणीचा मजकूरच सापडला होता : ५० मोनेरो (एक डिजिटल चलन) भरा. बळीवर आदळणारा कचरा हीच धमकीची चिठ्ठी होती, आणि ती आधी कुणाच्या तरी उघड्या मेमकॅश्डमध्ये भरून ठेवलेली होती.

या दुबळेपणाला सीव्हीई-२०१८-१०००११५ असा क्रमांक मिळाला. डिस्ट्रिब्युशनांनी पॅकेजे सुधारली. रेड हॅटच्या पुढच्या आवृत्तीतल्या पॅकेजात ती पाचवी ओळ भरलेली आली : ऐक, पण फक्त स्वतःच्या यंत्रावर.

दुरुस्ती पोचते कशी, आणि अडते कुठे

बातम्या इथे संपल्या. मला महत्त्वाचा वाटतो तो यापुढचा भाग. पॅकेजातले डीफॉल्ट सुधारले म्हणून जुन्या सर्व्हरवरची फाइल सुधारते का?

नेहमी नाही, आणि त्यामागे चांगले कारण आहे. सर्व्हरच्या मालकाने कॉन्फिग फाइलमध्ये केलेला बदल अपडेटने पुसू नये, हा पॅकेजांच्या जगातला जुना नियम आहे. डेबियनच्या धोरणात तो बंधनकारक आहे. फाइलला कुणी हात लावलेला नसेल, तर नवी फाइल जुनीची जागा गुपचूप घेते. हात लावलेला असेल, तर डेबियनची यंत्रणा विचारते : तुमची ठेवू की आमची? उत्तर न देता एंटर दाबले की जुनी राहते. अपडेट आपोआप करणारी यंत्रणा असेल तर तिथे प्रश्नाला उत्तर द्यायला माणूसच नसतो. अशा वेळी ती यंत्रणा त्या पॅकेजचे अपडेटच अडवून ठेवते. म्हणजे सुरक्षेची दुरुस्ती एका अनुत्तरित प्रश्नापाशी थांबते.

रेड हॅटच्या घराण्यात प्रश्न विचारला जात नाही. ज्या फाइलवर ‘बदलू नको’ अशी खूण आहे आणि मालकाने तिच्यात बदल केलेला आहे, ती तशीच राहते. नवी फाइल शेजारी ‘आरपीएमन्यू’ अशा शेपटीसह ठेवली जाते. त्या फाइली उघडून पाहण्याची शिस्त फार थोड्या ठिकाणी असते.

आता त्या पाच ओळींकडे परत पाहा. समजा कुणी फक्त मेमरीचा आकडा ६४ वरून ५१२ केला. सुरक्षिततेशी त्याचा काही संबंध नाही. पण पॅकेजच्या लेखी ती फाइल आता ‘बदललेली’ झाली. पुढे सुधारित पाचवी ओळ आली तरी ती आरपीएमन्यूमध्ये बसेल आणि चालू फाइलमधली ओळ रिकामीच राहील. जो मालक जागरूक होता, ज्याने फाइल उघडून आपल्या गरजेप्रमाणे केली, दुरुस्ती त्याच्यापर्यंतच पोचत नाही.

म्हणूनच १.५.६ ने केलेला बदल योग्य जागी होता. यूडीपी बंद ठेवण्याचा निर्णय प्रोग्रॅमच्या आतच गेला. फाइल जुनी असो, रिकामी असो वा मुळीच नसो, प्रोग्रॅम बदलला की यूडीपीचे दार बंद. मात्र ज्याने स्वतःच्या फाइलमध्ये यूडीपी मुद्दाम चालू केलेले आहे, त्याचे दार अजूनही उघडेच. आणि टीसीपीचे ११२११ हे पोर्ट फाइलमध्ये काही न लिहिल्यास आजही सगळ्या पत्त्यांवर ऐकते. त्यातून असा पूर येत नाही, पण साठवलेली माहिती कुणीही वाचू शकतो, बदलू शकतो.

डीफॉल्ट हा निर्णय आहे

रिकामी ओळ ठेवणाऱ्याला वाटते की आपण काही ठरवले नाही, ठरवणे वापरणाऱ्यावर सोडले. तो समज चुकीचा आहे. हजारो अनोळखी लोक ती ओळ वाचणारही नाहीत, आणि त्या सर्वांच्या वतीने तिथे निर्णय होऊन गेलेला असतो. डेबियनच्या पॅकेजात कुणीतरी एक ओळ आणि तिच्यावर टीप लिहिण्याचे कष्ट घेतले, म्हणून कित्येक सर्व्हर या पुरात सामील झाले नाहीत. त्या माणसाचे नाव बातम्यांत आले नाही. चांगल्या डीफॉल्टचे श्रेय कुणाला मिळत नाही, पण वाईट डीफॉल्टची किंमत मोजणारा माणूस मात्र असतोच. त्या रात्री ती गिटहबने मोजली. उघड्या सर्व्हरांचे मालक तर या व्यवहारात दिसलेच नाहीत.

पॅकेज बांधणाऱ्यांना माझे सांगणे आहे. तुमची फाइल कुणी उघडणार नाही असे धरूनच ती लिहा. नेटवर्कवर ऐकणारा प्रत्येक प्रोग्रॅम आधी फक्त स्वतःच्या यंत्रावर ऐकू द्या. बाहेर जायचे असेल तर मालकाला ती ओळ स्वतः लिहू द्या. आणि त्या ओळीवर कारण लिहा, कारण टीप वाचणारा माणूस ती ओळ काढण्याआधी एकदा थांबतो. मालकाचे बदल वेगळ्या, छोट्या फाइलमध्ये राहतील अशी सोय करा, म्हणजे तुमची मूळ फाइल पुढेही सुधारता येईल.

आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांना एक विनंती. या आठवड्यात तासभर काढा. ‘एसएस’ ही आज्ञा चालवून तुमच्या प्रत्येक यंत्रावर कोणते प्रोग्रॅम कोणत्या पत्त्यावर ऐकत आहेत ते पाहा. जिथे ०.०.०.० दिसेल तिथे कारण विचारा. कारण सापडले नाही तर दार बंद करा. ‘आरपीएमन्यू’ आणि ‘डीपीकेजी-डिस्ट’ अशा शेपटीच्या फाइली शोधून आपल्या फाइलींशी ताडून पाहा. अडून राहिलेली अपडेटे मोकळी करा. फायरवॉल चालू आहे, हे गृहीत धरू नका, तपासा. यांतले एकही काम अवघड नाही. ते न केल्याची शिक्षा तुम्हाला कदाचित होणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी होईल, आणि नेमक्या त्याच कारणासाठी ते तुम्ही केले पाहिजे.